राखणदाराला ओळख दे

बा देवा भैरी, बारा वाड्यांच्या मालका, रत्नागिरीच्या राखणदारा, तुझ्यापुढे नारळ ठेवला आहे आणि हात जोडले आहेत. शिमग्यात तुझी पालखी दारोदार फिरते तेव्हा लोक आपापलं मागणं तुझ्या कानी घालतात. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या कलमांचा मोहोर, कुणाची दर्यावर गेलेली होडी. माझं मागणं माणसाच्या रक्तातलं आहे. तू गावाची राखण करतोस, तशीच प्रत्येक देहाच्या आतही तू राखण बसवली आहेस. मी रक्त तपासण्याचं काम करते, म्हणून त्या राखणदारांना रोज पाहते. त्यांची फसवणूक कशी होते, तेही पुस्तकांतून आणि गुरुजनांकडून शिकले आहे. त्यांच्या वतीने आज तुझ्या पायाशी आले आहे.

आधी तुझी स्तुती करते. बोटाला सुई टोचून घेतलेला रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढावा, सुकू द्यावा, त्यावर लीशमन रंग घालावा, थोड्या वेळाने पाणी मिसळावं, मग धुऊन तेलाच्या भिंगाखाली धरावा. तांबड्या पेशींच्या गर्दीत मधूनच एक पांढरी पेशी समोर येते. तिचं जांभळं केंद्रक दोन पाळ्यांचं असतं आणि भोवती नारिंगी दाणे ठासून भरलेले असतात. ही इओसिनोफिल. निरोगी माणसाच्या शंभर पांढऱ्या पेशींत अशा मोजक्याच सापडतात; पोटात किंवा रक्तात कृमी शिरले की त्यांची संख्या चढते. त्या नारिंगी दाण्यांत कृमीच्या अंगावर सोडायची जहाल प्रथिनं असतात. पट्टी जरा सरकवली की मोनोसाइट दिसते. ती रक्तातून बाहेर पडून अवयवात स्थिरावली की मॅक्रोफेज होते आणि समोर येणारं परकं गिळू लागते. लिम्फोसाइट दिसतात; त्यांतल्या टी पेशी बाकीच्यांना हुकूम देतात आणि बी पेशी प्रतिपिंडं घडवतात. या पट्टीवर न दिसणाऱ्या डेंड्रायटिक पेशी कातडीत ठाण मांडून असतात. परक्याचा तुकडा सापडला की त्या तो उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि टी पेशींना दाखवतात. आम्ही झोपतो, हे राखणदार झोपत नाहीत. देवा, इतकी मोठी राखण तू न मागता दिलीस. तुला दंडवत.

आता गाऱ्हाणं ऐक. तुझ्याच जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, गिमवी नावाचं गाव आहे. 1952 साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या या गावात शिस्टोसोमा हिमॅटोबियम या रक्तकृमीचा रोग मुक्कामाला आहे. तोवर या रोगाचं नाव काढलं की लोक नाईल नदीकडे आणि आफ्रिकेकडे बोट दाखवत. आपल्या देशात तुरळक रोग्यांच्या नोंदी होत्या, पण माणूस आणि पाणी यांच्यात कृमीचं चक्र फिरतं आहे असं गाव कुणी दाखवलं नव्हतं. या रोगात लघवीवाटे रक्त जातं. आफ्रिकेत हा कृमी ज्या गोगलगायींत वाढतो, त्या बुलायनस जातीच्या गोगलगायी आपल्या पाण्यात नाहीत. मग गिमवीत तो कुणाच्या आश्रयाने राहत होता? 1955 साली शाह आणि गाडगीळ यांनी फेरिसिया टेन्युइस या जातीला त्याची लागण झाल्याचं मांडलं. काही मिलिमीटरचा हा जीव, शंखाला वेढे नाहीत, दगडाला आणि कुजल्या पानाला चिकटून राहणारा. पुढे 1981 साली डॉ. गायतोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गिमवीवरचा अभ्यास छापून आला.

देवा, या शोधासाठी तुझे आभार मानते, आणि आधी गिमवीच्या माणसांसाठी मानते. लघवी लाल होते ही सांगायला लाज वाटणारी गोष्ट. तरी त्यांनी आपला नमुना परक्या डॉक्टरांच्या हाती दिला. ते नमुने नसते तर देशाला हा रोग कळला नसता. त्यांच्या गावाचं नाव वैद्यकाच्या पुस्तकात रोगाशी जोडलं गेलं. तुझ्या दप्तरात ते धैर्याशी जोडलेलं असू दे.

त्या कृमीची चाल तुझ्यासमोर मांडते. तुला ती ठाऊकच आहे. आम्हाला ती कळायला फार काळ गेला. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने 1851 साली कैरोत शवविच्छेदन करताना शिरांमधला हा कृमी पाहिला, आणि त्यानंतरही आजचा दिवस उजाडेपर्यंत आम्ही त्याचे डाव उलगडतोच आहोत.

गोगलगायीतून बाहेर पडलेली दुभंगल्या शेपटीची अळी पाण्यात पोहत असते. कोकणातल्या पाण्यात कोण उतरत नाही? पऱ्यावर कपडे आपटणारी बाई, डोहात सूर मारणारी पोरं, म्हशी धुणारा गडी. जिथे असं पाणी दूषित असतं, तिथे ही अळी काही मिनिटांत कातडीतून आत शिरते आणि शेपटी बाहेर टाकून देते. कातडीतच तिची गाठ पहिल्या राखणदाराशी पडते. 2001 साली उंदरांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की या कृमीची आतड्यात रोग करणारी भावकी, शिस्टोसोमा मॅन्सोनाय, कातडीत प्रोस्टाग्लँडिन डी-2 नावाचं रसायन सोडते. त्याने कातडीतल्या डेंड्रायटिक पेशी जागीच अडून राहतात. वर्दी द्यायला निघालेला राखणदार उंबरठाच ओलांडत नाही, आणि लसिकाग्रंथीत बसलेल्या टी पेशींना घरात कुणी शिरलं हे वेळेवर कळत नाही.

तिथून अळी फुप्फुसातून यकृताच्या शिरांमध्ये जाते, वाढते, जोडीदार शोधते. नर आपल्या अंगाच्या खोबणीत मादीला धरून ठेवतो आणि ती जोडी मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये बिऱ्हाड करते. तिथे ती वर्षानुवर्षं राहते. काही माणसांत दशकांनंतरही जिवंत कृमी सापडले आहेत. देवा, ज्या रक्तात इओसिनोफिल फिरतात, प्रतिपिंडं फिरतात, त्याच रक्तात सेंटिमीटरभर लांबीचा परका जीव उघड्यावर राहतो, आणि कुणी त्याला हात लावत नाही. हे कसं घडतं?

1969 साली लंडनमध्ये स्मिथर्स, टेरी आणि हॉक्ली यांनी याचं एक उत्तर काढलं. उंदरात वाढलेले कृमी त्यांनी माकडाच्या शिरेत सोडले. साध्या माकडात ते जगले. पण ज्या माकडाला आधीच उंदराच्या रक्तपेशींविरुद्ध तयार केलं होतं, त्यात ते मेले. कृमीच्या अंगावर उंदराचे रेणू होते, आणि माकडाच्या राखणदारांनी ते ओळखले. म्हणजे कृमी ज्याच्या घरी राहतो त्याचेच रेणू अंगावर घेतो. पुढे दिसलं की माणसाच्या रक्तगटाचे रेणूसुद्धा तो आपल्या पृष्ठभागावर चढवतो. शिवाय त्याच्या अंगावर दुहेरी पापुद्रा असतो आणि तो सतत नवा होत राहतो. राखणदार जवळ येतो, हात लावून पाहतो आणि घरचाच माणूस समजून पुढे जातो.

एवढ्यावर थांबला असता तर त्याला नुसता लपणारा म्हटलं असतं. पण देवा, तो राखणदारांना कामाला लावतो, आणि हेच माझं खरं दुःख आहे.

शिकत असताना काचपट्टीवर जतन केलेलं या कृमीचं अंडं मी पाहिलं. लांबट, फिकट पिवळसर, साधारण मिलिमीटरच्या सातव्या हिश्शाइतकं, आणि एका टोकाला बारीक टोकदार काटा. त्या काट्यावरूनच हिमॅटोबियम ओळखायचा असं आम्हाला शिकवलं जातं. मादी अशी अंडी रोज घालते. त्यांना मूत्राशयाच्या भिंतीतून आरपार निघून लघवीत पडायचं असतं, कारण पाण्यात पोचल्याशिवाय पुढचा जन्म नाही. अंड्याला हात नाहीत, पाय नाहीत. ते भिंत ओलांडतं कशाने?

राखणदारांच्या जोरावर. अंड्यातून झिरपणाऱ्या प्रथिनांनी देहात मोठी हालचाल सुरू होते. मॅन्सोनायच्या अंड्यातलं ओमेगा-1 डेंड्रायटिक पेशींना अशी शिकवण देतं की त्या टी पेशींना एका विशिष्ट वळणावर नेतात. दुसरं एक प्रथिन बेसोफिल पेशींकडून इंटरल्यूकिन-4 सोडवून घेतं. मग टी पेशी, मॅक्रोफेज, इओसिनोफिल सगळे धावत येतात आणि अंड्याभोवती वेढा घालतात. या वेढ्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. त्या गर्दीच्या रेट्यात काही अंडी भिंत ओलांडून बाहेर पडतात. ज्या उंदरांची प्रतिकारशक्ती दाबून ठेवली, त्यांच्या विष्ठेत अंडी कमी आली. माणसातही हेच दिसलं. केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू शहरात गाड्या धुणारे लोक दिवसभर पाण्यात उभे असतात. त्यांच्यातल्या एचआयव्हीने टी पेशी घटलेल्या रुग्णांत कृमी तेवढेच असूनही अंडी कमी बाहेर पडत होती, असं 1997 साली प्रसिद्ध झालं. ज्यांचे राखणदार शाबूत, त्यांच्यातून कृमीची अंडी सुखरूप बाहेर.

त्याहून मोठं नवल 2001 सालचं. जन्मतः बी आणि टी पेशी नसलेल्या उंदरांत हे कृमी नीट वाढतच नाहीत, खुरटे राहतात, असं अमेरिकेतल्या संशोधकांना आढळलं. परक्याला हाकलण्यासाठी बसवलेल्या पेशी परक्याला वाढायला लागतात! आणि आत नांदणारे जुने कृमी राखणदारांना बाहेरून येणाऱ्या नव्या अळ्यांविरुद्ध चेतवून ठेवतात. नवे येत नाहीत आणि जुन्यांना कुणी हलवत नाही. माकडांवरच्या प्रयोगांत ही गोष्ट स्पष्ट दिसली आहे.

जी अंडी बाहेर पडत नाहीत, ती भिंतीतच अडकून राहतात, आणि दुखणं तिथून सुरू होतं. अंडं मरतं, वेढा उठत नाही. वर्षानुवर्षं तिथे तंतुमय ऊतक साचतं, मूत्राशयाची भिंत जाड आणि ताठर होते, मूत्रवाहिनी आवळते, लघवी मागे तुंबून मूत्रपिंड खराब होतं. काहींना मूत्राशयाचा कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1994 साली या कृमीला कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातलं. देवा, मोठा कृमी शिरेत बसून फारसा त्रास देत नाही. माणसाला जे पोखरतं, त्यात त्याच्याच राखणदारांचे हात असतात.

तरी मी त्यांना दोष देऊ शकत नाही. ज्या उंदरांच्या देहात इंटरल्यूकिन-4 तयार होत नाही, ते मॅन्सोनायच्या लागणीत लवकर आणि हालहाल होऊन मेले. अंड्यातून झिरपणारं विष वेढ्याने थोपवलं जात होतं. तो नीट पडला नाही आणि देह उघडा राहिला. वेढा हवाच. तो किती मोठा असावा आणि कधी उठवावा, एवढाच प्रश्न आहे.

हे दोन टोकांचं दुखणं आमच्याच महाराष्ट्रात मी आणखी एका कृमीत पाहते. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूर या भागांत हत्तीरोग आहे. त्याच्या सूक्ष्म अळ्या रात्री डास चावायच्या वेळी रक्तात येतात, म्हणून आरोग्यसेवक रात्री लोकांना उठवून बोटातून थेंब घेतात. ज्याच्या थेंबात अळ्याच अळ्या दिसतात, तो माणूस पुष्कळदा धडधाकट असतो. त्याच्या टी पेशी निवलेल्या असतात, कृमीने त्यांना शांत करणाऱ्या इंटरल्यूकिन-10 च्या धारेत ठेवलेलं असतं. दुसऱ्या टोकाला असा रुग्ण येतो की ज्याच्या रक्तात अळी सापडत नाही, पण इओसिनोफिल बेसुमार वाढलेल्या असतात आणि रात्रभर खोकून खोकून त्याची छाती भरून येते. त्याच्या राखणदारांनी अळ्या तर मारल्या, पण फुप्फुसही जखमी केलं. एकाचे राखणदार निजलेले, दुसऱ्याचे पिसाटलेले. कृमी एकच.

आणि काळा आजाराचा परजीवी तर आणखी पुढे जातो. मी रोज वापरते त्या रंगाला ज्यांचं नाव आहे, त्या लीशमन यांनी, आणि मद्रासमध्ये डोनोव्हन यांनी, 1903 साली त्याची ओळख जगाला करून दिली. मॅक्रोफेज त्याला गिळते आणि तो तिच्याच पोटात वाढतो. राखणदारालाच त्याने घर केलं.

देवा, मनात एक प्रश्न येतो आणि तुझ्यापासून लपवून काय उपयोग. राखणदारही तूच घडवलेस आणि कृमीही तूच. मग त्या कृमीला एवढी हिकमत का दिलीस? पिढ्यान्‌पिढ्या, लाखो वर्षं, माणसाच्या आणि त्याच्या पूर्वजांच्या देहात राहून त्याने ही विद्या कमावली. जो कृमी धन्याला लवकर मारतो त्याचा वंश बुडतो. म्हणून तो मारत नाही, सोसवत ठेवतो. यात तुझा न्याय कोणता, हे मला समजत नाही. पण त्या हिकमतीतून आम्हाला काही शिकता यावं अशी तुझी इच्छा असेल, तर तेही मी नाकारत नाही. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात शाळकरी मुलांचा अभ्यास झाला आणि 2000 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हिमॅटोबियमची लागण होती, त्यांच्यात घरातल्या धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी कमी दिसली, आणि त्याचा संबंध इंटरल्यूकिन-10 शी जुळला. ॲलर्जी आणि दमा म्हणजे राखणदारांनी निरुपद्रवी धुळीवर उगारलेला हात. तो हात खाली आणायची कृमीला अवगत असलेली युक्ती आमच्या हाती कृमीशिवाय येऊ दे. धापा टाकणाऱ्या लेकरांना तिचा उपयोग होऊ दे.

औषधासाठीही तुझे आभार मानते. प्राझिक्वांटेल ही साधी गोळी. ती कृमीच्या अंगावरचा पापुद्रा फाडते, आतलं परकेपण उघडं पडतं, आणि मग प्रतिपिंडं त्याच्यावर तुटून पडतात. उंदरांवरच्या प्रयोगांत प्रतिपिंडांची साथ नसेल तर गोळीचा गुण घटतो असं दिसलं. म्हणजे औषध एकटं लढत नाही. ते राखणदाराला समोरचा कोण आहे हे दाखवतं, आणि पुढचं काम राखणदार करतो. देवा, मला या गोळीत तुझी कृपा दिसते.

पण औषध देणाऱ्या हातांचंही गाऱ्हाणं तुझ्यापुढे ठेवते. इजिप्तमध्ये 1950 च्या दशकापासून 1980 च्या सुरुवातीपर्यंत या रोगावर अँटिमनीच्या इंजेक्शनांची मोठी मोहीम चालली. हेतू चांगला होता. पण सुया पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आणि त्यांच्यातून हिपॅटायटिस सी चा विषाणू लाखो देहांत गेला. एका रोगापासून राखण करताना दुसरा रोग घराघरात पोचला. त्या माणसांच्या यकृतांसाठी आणि त्यांच्या मागे राहिलेल्यांसाठी तुझ्याकडे प्रार्थना करते. आम्हीही राखणदारच आहोत, देवा. आमचा हातही जपून चालू दे.

आता मागणं मागते.

देवा, आमच्या देहातल्या राखणदारांना ओळख दे. अंगावर घरचं पांघरूण घेऊन आलेल्याला त्यांनी ओळखावं. आणि धूळ, परागकण, पोटातलं अन्न, स्वतःच्याच सांध्यातली पेशी यांना परकं समजू नये. वर्दी घेऊन निघालेली डेंड्रायटिक पेशी वाटेत अडू नये. आणि जेव्हा वेढा पडेल, तेव्हा तो जिवाला वाचवण्यापुरता पडावा. काम झाल्यावर उठावा.

प्रतिबंधक लस शोधणाऱ्यांना धीर दे. सेनेगलमधल्या मुलांवर हिमॅटोबियमविरुद्धच्या एका लसीची मोठी चाचणी झाली, 2018 साली तिचा निकाल आला. मुलांच्या देहात प्रतिपिंडं उभी राहिली, लस सुरक्षित ठरली, पण रोगाला ती अडवू शकली नाही. प्रतिपिंडं उठली तरी ती योग्य वळणाची नव्हती. एवढी वर्षं त्या कामाला दिलेल्यांचे हात खचू देऊ नकोस. राखणदाराला नुसतं उठवणं पुरत नाही, त्याला नीट शिकवावं लागतं, हे त्यांनी आम्हाला कळवलं. पुढच्यांना ते शिकवणं साधू दे.

ज्यांचं पाणी अजून दूषित आहे, त्यांची राखण कर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2021 साली 25 कोटींहून जास्त माणसांना या रोगाच्या प्रतिबंधक उपचारांची गरज होती, आणि त्यांतले बहुतेक आफ्रिकेत राहतात. त्यांना गोळी मिळू दे, नळाचं पाणी मिळू दे, संडास मिळू दे. जिथे मुलाची लघवी लाल झाली की तो वयात आला असं लोक मानत आले, तिथल्या आयांना खरं कारण सांगणारं माणूस भेटू दे.

आमच्या कोकणातली मुलं जहाजांवर नोकरीला जातात, आफ्रिकेच्या बंदरांना लागतात, तिथल्या नद्यांत आणि तळ्यांत उतरतात. ती घरी परततील आणि कुणाच्या लघवीत रक्त दिसेल, तेव्हा समोरच्या डॉक्टरला मुतखड्याबरोबर हाही रोग आठवू दे. कुठल्या पाण्यात उतरला होतास, एवढा एक प्रश्न त्याच्या तोंडी येऊ दे. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान अंडी लघवीत सर्वांत जास्त येतात. नमुना त्याच वेळी घ्यावा हे तपासणाऱ्याच्या ध्यानात राहू दे. आमच्या रत्नागिरीच्या कुठल्याही पऱ्याच्या, वहाळाच्या काठी तसला कृमी पुन्हा बिऱ्हाड करू पाहील, तर आम्हाला तो पहिल्याच नमुन्यात दिसू दे. जे आपल्या देशात नाही असं पुस्तक सांगतं, तेही पाहायची तयारी गाडगीळ आणि शाह यांनी दाखवली. ती तयारी आमच्या पोरांत उतरू दे.

भिंगावर बसणाऱ्या सगळ्यांना चांगली नजर दे. दिवसभरात कितीतरी पट्ट्या डोळ्यांखालून जातात, मान अवघडते, आणि शेवटच्या पट्टीवर नजर घाईने फिरते. त्या शेवटच्या पट्टीवर कुणाचं तरी लेकरू असतं. तिच्यावरही डोळा तेवढाच थांबू दे.

आणि देवा, हेच मागणं मी माणसामाणसांतल्या राखणीसाठीही करते. रोग्याला दूर लोटणारं गाव आणि रोगाकडे कानाडोळा करणारं गाव, दोन्ही फसलेली. रोग दिसला की तो ज्याला झाला त्याच्यावर डूख धरायची आमची सवय मोड. आम्हाला रोगाशी लढायचं बळ दे आणि रोग्याच्या उशाशी बसायची माया दे.

ज्याला नीट ओळखलं त्याच्यावरच हात उगारावा, आणि काम होताच तो खाली घ्यावा, एवढी बुद्धी देहातल्या राखणदारांना दे, देवा, आणि आम्हालाही दे. हे गाऱ्हाणं मान्य करून घे. होय महाराजा.